न पडलेल्या बॉम्बच्या शोधात : मझुरियातील पाच दिवस

दिवस पहिला : वॉर्सा

पाटबंधारे खात्यात ३४ वर्षे धरणांच्या काँक्रीटवर काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर थेट पोलंडला जाऊन पुन्हा काँक्रीटच पाहावे, हे घरी कोणालाच पटलेले नव्हते. वॉर्सात नोकरी करणारा माझा पुतण्या निनाद यानेही "काका, क्राकोव्हला जाऊ, मिठाची खाण बघू" असे सुचवून पाहिले. मला मात्र ईशान्येकडे, मझुरिया नावाच्या तळ्यांच्या मुलखात जायचे होते. तेथील केंट्शिन हे गाव १९४५ पर्यंत जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांतात होते आणि त्याचे नाव रास्टेनबुर्ग असे होते. गावापासून आठ किलोमीटरवरच्या जंगलात हिटलरचे युद्धकालीन मुख्यालय होते. त्याचे नाव 'वोल्फ्सशान्त्से', म्हणजे लांडग्याची गढी. २३ जून १९४१ च्या रात्री हिटलर तेथे पहिल्यांदा उतरला आणि २० नोव्हेंबर १९४४ रोजी कायमचा निघून गेला; मधल्या काळात त्याने तेथे ८०० हून अधिक दिवस काढले. याच काळात जर्मनीची शहरे एकामागून एक जळत होती, तरीही सगळ्या युद्धाचा कारभार जेथून चालत होता त्या जंगलावर ठरवून केलेला एकही हवाई हल्ला झाला नाही. या गोष्टीचे मला फार वर्षे नवल वाटत आले आहे, आणि पुस्तकांत त्याची जी उत्तरे मिळतात ती जागेवर जाऊन ताडून पाहावीत, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

पहिला दिवस वॉर्सात विश्रांतीचा होता. तरीही संध्याकाळी निनाद मला माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकापाशी घेऊन गेला, कारण त्याच्या जवळच कोल्हापूरच्या नावाची एक स्मृतिशिला आहे. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५ हजार जण इराणमार्गे भारतात येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले होते, त्यांच्या आठवणीसाठी २०१७ मध्ये ही शिला बसवली गेली. वॉर्सातल्या हिरवळीवर 'कोल्हापूर' हे नाव वाचताना मन भरून आले, हे कबूल करतो. शेजारचे स्मारक इटलीच्या मोहिमेचे, आणि त्याच मोहिमेत १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चालून जाऊन प्राण दिले होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर दहाच दिवसांनी आमच्या मुक्कामाच्या जंगलात बॉम्ब फुटला, पण तो विमानातून आलेला नव्हता.

दिवस दुसरा : वॉर्सा ते केंट्शिन

सकाळच्या रेल्वेने ओल्श्टिन गाठले आणि तेथून भाड्याची मोटार घेतली. ओल्श्टिन सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी जुनी आणि इतकी जवळजवळ लावलेली झाडे लागतात की समोरून ट्रक आला की निनाद श्वास रोखून धरायचा. मधूनच झाडी संपून तळे दिसे, मग शेत, मग पुन्हा झाडी. पूर्व आघाडीच्या मुख्यालयासाठी हा भाग का निवडला गेला असावा, याचा अंदाज येथेच येऊ लागतो. सोव्हिएत सीमा जवळ, लोकवस्ती विरळ, तळी आणि दलदल यांमुळे जमिनीवरून येण्याच्या वाटा मोजक्या, आणि तरीही रास्टेनबुर्गहून पुढे जाणारा लोहमार्ग थेट जंगलातून गेलेला. बांधकाम १९४० च्या हिवाळ्यात सुरू झाले तेव्हा आसपासच्या लोकांना 'आस्कानिया' नावाचा रासायनिक कारखाना उभा राहत असल्याचे सांगण्यात आले. हे जंगल म्हणजे तोपर्यंत गावकऱ्यांची सहलीला जाण्याची जागा होती. आपल्याकडे रविवारी डबे घेऊन तलावावर जातात तसे लोक तेथे जात. अशी जागा एके दिवशी तारा ठोकून बंद झाली, मार्गावरची नेहमीची गाडी थांबली, तरी गावकऱ्यांना काही कळले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

केंट्शिनला दुपारी पोहोचलो. गाव शांत आहे, विटांचा जुना किल्ला आणि तितकेच जुने चर्च आहे; त्यापलीकडे लिहिण्यासारखे फार नाही. शाकाहारी म्हणून बटाटा आणि चीज भरलेल्या पिएरोगीची थाळी मिळाली. तिच्यावर कांद्यासोबत डुकराच्या चरबीचे तुकडे पसरलेले असल्यामुळे ती निनादच्या वाट्याला गेली.

रात्री खोलीवर नकाशा पसरला. हवाई हल्ल्याच्या प्रश्नात पहिली गोष्ट अंतराची असते, आणि अंतराला मते नसतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिंकनशायरच्या तळांपासून रास्टेनबुर्ग सरळ रेषेत सुमारे १४०० किलोमीटर पडते, पण जर्मन तोफा आणि रात्रीची लढाऊ विमाने टाळून वळसा घेतला की ते आणखी वाढते. १९४१ मध्ये ब्रिटिश बॉम्बफेकी दलाची अवस्था काय होती, हे त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील बट अहवालात नोंदलेले आहे : हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तीनात एक विमान लक्ष्यापासून आठ किलोमीटरच्या आत पोहोचलेले आढळले. जर्मनीतील जवळच्या, नद्या आणि कारखान्यांनी ओळखू येणाऱ्या शहरांबाबत ही स्थिती असताना, अंधारात १४०० किलोमीटर उडून तळ्यातळ्यांच्या जंगलातील अडीच चौरस किलोमीटरचा तुकडा शोधणे हा विचारच कोणी केला नसता. निनाद म्हणाला, "काका, म्हणजे उत्तर मिळालं की. लांब होतं, म्हणून वाचलं." मी त्याला म्हटले, अरे, १९४१ चे उत्तर मिळाले, १९४४ चे अजून बाकी आहे.

दिवस तिसरा : लांडग्याची गढी

आगाऊ पैसे भरून ठरवलेला मार्गदर्शक सकाळी आलाच नाही. त्याचा फोनही बंद होता. अर्धा तास फाटकाशी उभे राहिल्यावर एका इंग्रजी गटाच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला सोबत घेतले, आणि त्या इतक्या जाणत्या निघाल्या की झाले ते बरेच झाले असे वाटले.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो ओलावा. बीच, ओक आणि पाइन यांची दाट सावली, खाली शेवाळ, आणि त्या शेवाळात अर्धवट बुडालेले काँक्रीटचे डोंगर. २४-२५ जानेवारी १९४५ च्या रात्री माघार घेताना जर्मन सैन्याने सुरुंग लावून हे सगळे उडवले आणि २७ तारखेला लाल सैन्य रिकाम्या अवशेषांत शिरले. परिसरात पेरलेले सुमारे ५४ हजार सुरुंग काढण्याचे काम १९५५ पर्यंत चालू होते. जे उडवले ते मात्र पुरते उडाले नाही. भिंती बाहेरच्या बाजूला कलल्या, छते मधोमध चिरली, पण ढिगारा झाला नाही. सहा-सात मीटर जाडीच्या काँक्रीटचे दुसरे काही होऊही शकत नाही. एका कललेल्या भिंतीच्या तोंडाशी मी बराच वेळ थांबलो. फुटलेल्या कडेत दोन थर वेगवेगळे दिसत होते. आतला थर जुना. बाहेरचा नंतर घातलेला, आणि दोहोंच्या मध्ये खडीचा एक पट्टा. बाहेरच्या थरातून अंगठ्याएवढ्या जाडीच्या सळया वाकून लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकांना गंजाचे पापुद्रे सुटले होते. धरणाच्या कामात जुन्या काँक्रीटला नवे काँक्रीट जोडायचे तर जुना पृष्ठभाग टोचून खरखरीत करतात, जेणेकरून दोन्ही एकजीव व्हावेत. येथे नेमके उलटे केलेले होते : दोन कवचे मुद्दाम वेगळी ठेवून मधल्या खडीने बाहेरच्या स्फोटाचा धक्का खाऊन टाकावा, अशी योजना होती. हा बाहेरचा थर १९४४ मध्ये, जड बॉम्बच्या भीतीने, घाईघाईने चढवण्यात आला. लटकलेल्या एका स्लॅबखाली पर्यटकांनी गंमत म्हणून काटक्यांचे टेकू लावून ठेवले होते. हजारो टनांखाली बोटभर काटक्या! आमच्या साइटवरही मजूर असला विनोद करत.

या घाईच्या कामाला एक वेगळाच परिणाम चिकटलेला आहे. बाईंनी ज्या जागी आम्हाला थांबवले तेथे भेगाळलेल्या दगडी पुस्तकाच्या आकाराचे, १९९२ मध्ये बसवलेले छोटे स्मारक आहे. २० जुलै १९४४ रोजी दुपारी १२ वाजून ४२ मिनिटांनी जर्मन सैन्यातील कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्ग याने हिटलरला मारण्यासाठी ब्रीफकेसमध्ये आणलेला बॉम्ब येथील बैठकीच्या बराकीत फुटला. चार जण दगावले. हिटलर किरकोळ जखमांवर वाचला. बैठक बंकरमध्ये ठरली होती आणि ऐन वेळी बराकीत हलवली, अशी गोष्ट जागोजागी ऐकायला मिळते. ती तितकीशी खरी नाही. हिटलर १४ जुलैला परतला तेव्हा त्याच्या स्वतःच्या बंकरची जाडी वाढवण्याचे काम चालू होते, तो पाहुण्यांच्या बंकरमध्ये राहत होता, आणि बैठका त्या दिवसांत बराकीतच होत असत. उन्हाळ्यामुळे खिडक्या उघड्या होत्या, स्फोटाचा दाब बाहेर निघून गेला, आणि श्टाउफेनबेर्गला दोनपैकी एकच स्फोटक सज्ज करता आले होते. बंद काँक्रीटच्या खोलीत तोच बॉम्ब काय करता, याची कल्पना कोणीही करू शकेल.

आता मूळ प्रश्न. बाईंचे उत्तर ठाम होते, बहुतेक पर्यटकांनाही तेच आवडते : मुख्यालय दिसतच नव्हते. त्यांनी दाखवलेली छायाचित्रे आणि अवशेष पाहता या उत्तरात तथ्य आहे. इमारतींच्या आणि रस्त्यांच्या वर उंच खांबांवर जाळ्या ताणून त्यांत कृत्रिम पाने गुंफली जात, आणि ऋतू बदलला की पानांचा रंगही बदलला जाई. सपाट छपरांवर माती घालून गवत आणि झुडपे लावली होती. भिंतींना सिमेंटमध्ये सागरी गवत कालवून केलेला हिरवट खरखरीत गिलावा होता. गुळगुळीत काँक्रीट वरून चकाकते आणि त्याची सावली धारदार पडते, ही दोन्ही चिन्हे या गिलाव्याने मोडत. वेळोवेळी स्वतःचीच विमाने वरून पाठवून, छायाचित्रे काढून वेषांतर तपासले जाई. गिलाव्याचा एक पट्टा मी हाताने चाचपून पाहिला. आठ दशकांनंतरही तो खापरीसारखा भिंतीला धरून होता, आणि त्याच्या खाचांत खरे शेवाळ उगवलेले असल्यामुळे खोटे कोठे संपते आणि खरे कोठे सुरू होते ते सांगणे कठीण झाले होते.

डासांची गोष्टही येथे प्रसिद्ध आहे. दलदलीतील डास मारण्यासाठी पाण्यावर रॉकेल ओतले, त्याने बेडूकही मेले, आणि रात्रीचे डराँव डराँव ऐकू येईनासे झाल्यावर हिटलर चिडला म्हणून नवे बेडूक आणून सोडले, असे बाईंनी सांगितले. गोष्ट खरी असो वा नसो, डास मात्र खरे आहेत, याचा पुरावा माझ्या मनगटांवर दोन दिवस राहिला.

वेषांतराच्या उत्तरावर मात्र माझे समाधान झाले नाही. जाळ्यांनी वैमानिकाचे डोळे झाकता येतात, पण माणसांची तोंडे झाकता येत नाहीत. या जंगलात सुमारे २ हजार माणसे राहत आणि काम करत होती. बर्लिनहून रोज टपालाची रेल्वे आणि विमान येत होते. मुसोलिनी, रुमानियाचा आंतोनेस्कू, हंगेरीचा होर्ती, बल्गेरियाचा राजा बोरिस, फिनलंडचा मानरहाइम अशी पाहुण्यांची रांग लागलेली होती, आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर अधिकारी, दुभाषी, स्वयंपाकी आणि रेल्वेचे कर्मचारी येत. एवढ्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट तीन वर्षे गुपित राहते असे म्हणणे म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे. लेखी पुरावाही आहे. जर्मन परराष्ट्र खात्यातील फ्रिट्झ कोल्बे हा अधिकारी ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारी कागदपत्रे घेऊन स्वित्झर्लंडमधील बर्नला आला. ब्रिटिशांनी त्याला सापळा समजून दारातून परत पाठवले. अमेरिकी गुप्तचर संघटनेचे ॲलन डलेस यांनी मात्र त्याचे ऐकून घेतले. कोल्बे कामानिमित्त या मुख्यालयात जाऊन आलेला होता आणि त्याची जागा त्याने डलेस यांना कळवली होती. तेव्हा १९४३ च्या अखेरीस तरी 'कोठे आहे ते माहीतच नव्हते' हे कारण उरत नाही. फार तर असे म्हणता येईल की ज्यांना कळले त्यांना सांगणाऱ्याचा भरवसा वाटत नव्हता, आणि हे कारण जाळ्यांपेक्षा कितीतरी वजनदार आहे, असे मला वाटते.

सोव्हिएत बाजूचे काय, असे त्या गटातील एका स्कॉटिश गृहस्थांनी विचारले. अंतर त्यांना आडवे येत नव्हते. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांच्या विमानांनी बाल्टिक समुद्रातील सारेमा बेटावरून उडून थेट बर्लिनवर बॉम्ब टाकले होते, आणि २८-२९ एप्रिल १९४३ च्या रात्री एका पे-८ विमानाने पूर्व प्रशियाची राजधानी क्योनिग्सबेर्गवर पाच टनी बॉम्ब टाकला होता. क्योनिग्सबेर्ग येथून ९० किलोमीटर आहे. पण त्या रात्री हिटलर बवेरियातील बर्गहोफ या घरी होता. तो १९४२ चा उन्हाळा आणि शरद ऋतू युक्रेनमधील विनित्सियाजवळच्या दुसऱ्या मुख्यालयात घालवून आला होता. १९४४ चा वसंत त्याने पुन्हा बर्गहोफवर काढला. म्हणजे जंगल सापडले तरी सावज घरात आहे की नाही, हे कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. शिवाय सोव्हिएत दूर पल्ल्याच्या विमानदलाचा मुख्य उपयोग आघाडीला रसद पुरवणारी रेल्वे स्थानके आणि पूल तोडण्यासाठी होत होता, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

संध्याकाळी जंगलातून जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावरून फाटकाकडे परतलो. रुळांमध्ये बर्चची रोपटी कमरेएवढी वाढली आहेत. हिटलरचा लष्करी सल्लागार जनरल योड्लने न्यूरेम्बर्गच्या खटल्यात या जागेचे वर्णन मठ आणि छळछावणी यांचे मिश्रण असे केले होते. सप्टेंबरच्या मावळत्या उजेडात मला त्यातला मठ दिसेना.

दिवस चौथा : मामेर्की

गर्दी आणि उपाहारगृह असलेल्या कालच्या जागेपेक्षा आजची जागा मला अधिक आवडली. वोल्फ्सशान्त्सेपासून ईशान्येला सुमारे १८ किलोमीटरवर, मामरी तळ्याच्या काठी, जर्मन भूदलाच्या सर्वोच्च मुख्यालयाची वसाहत होती. जर्मन नाव माउअरवाल्ड, आजचे मामेर्की. पूर्व आघाडीवरील लाखो सैनिकांच्या हालचालींचे आदेश प्रत्यक्षात येथून निघत. तिचे दूरध्वनी केंद्र 'आना' या सांकेतिक नावाने चालत असे. माघारीच्या गडबडीत येथे सुरुंग लावले गेले नाहीत, त्यामुळे सुमारे तीस काँक्रीटचे बंकर जसेच्या तसे उभे आहेत, आणि शाबूत असलेल्या बंकरचे सोंग कसे दिसत असेल ते पाहायचे तर येथेच यावे.

या दोन्ही ठिकाणच्या दूरध्वनीच्या आणि टेलिप्रिंटरच्या तारा जमिनीखालून जात होत्या. तारेवरचे बोलणे आकाशात पसरत नाही, म्हणून शत्रूला ते चोरता येत नाही. याच्या उलट उदाहरण नॉर्मंडीचे आहे. तेथील पश्चिमेकडच्या चिलखती सैन्यगटाचे मुख्यालय ला केन या खेड्यातील वाड्यात होते; त्याचे रेडिओ संदेश ब्रिटिशांनी पकडून उलगडले, आणि १० जून १९४४ रोजी टायफून आणि मिचेल विमानांनी दिवसाढवळ्या येऊन तो वाडा फोडला. मुख्य स्टाफ अधिकाऱ्यासह अनेक अधिकारी ठार झाले, सेनापती गायर फॉन श्वेपेनबुर्ग जखमी झाला. बर्लिनजवळच्या त्सोसेन येथील भूदल मुख्यालयावरही १५ मार्च १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी हल्ला केला आणि जनरल क्रेब्स जखमी झाला. शत्रूच्या मुख्यालयावर बॉम्ब टाकू नये असा काही अलिखित शिष्टाचार होता, अशी एक भाबडी समजूत अधूनमधून वाचायला मिळते. तिच्यासाठी ही दोन उदाहरणे पुरेत. मुख्यालय सापडले, टप्प्यात आले आणि मारणे फायद्याचे ठरले की ते मारले जाई.

मग १९४४ चा प्रश्न उरतो, आणि तो खरोखर चुरशीचा आहे. २६-२७ ऑगस्ट १९४४ च्या रात्री १७४ लँकेस्टर विमाने इंग्लंडहून क्योनिग्सबेर्गवर आली. २९-३० ऑगस्टच्या रात्री पुन्हा १८९ आली. दुसऱ्या हल्ल्याने शहराचा मोठा भाग जळाला. त्या दोन्ही रात्री हिटलर वोल्फ्सशान्त्सेतच होता, ९० किलोमीटरवर. वाकडी वाट करून ती विमाने इकडे का आली नाहीत?

बंकरच्या पायरीवर बसून मी निनादला आकडेमोड करून दाखवली. एवढ्या लांबच्या प्रवासात इंधनच इतके लागले की दुसऱ्या रात्री १८९ विमानांना मिळून केवळ ४८० टन बॉम्ब नेता आले. म्हणजे प्रत्येकी अडीच टन. एरवी लँकेस्टर त्याच्या दुप्पटीहून अधिक भार उचलते. आणि हे बॉम्ब शहर जाळण्यासाठीचे, हलके आणि आगलावे. अशा बॉम्बने बराकी, मोटारी आणि माणसे गेली असती. सात मीटरच्या काँक्रीटला ओरखडाही आला नसता. ज्याने काही घडू शकले असते तो पाच टनांहून जड 'टॉलबॉय' बॉम्ब जून १९४४ पासून वापरात आला होता. पण तो इतक्या दूर नेणे हाच प्रश्न होता : सप्टेंबर १९४४ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला लपलेल्या टिर्पिट्झ युद्धनौकेवर तो टाकायचा होता, तेव्हा इंग्लंडहून पल्ला पुरेना, म्हणून लँकेस्टर विमानांना आधी रशियात अर्खांगेल्स्कजवळच्या यागोदनिक तळावर उतरावे लागले. टिर्पिट्झ निदान एकच होती. येथे एकसारखे दिसणारे सात मोठे बंकर, त्यांतील कोणत्या बंकरमध्ये तो त्या रात्री झोपला आहे ते अज्ञात, आणि वर झाडी.

"पण प्रयत्न तरी?" निनादने विचारले. येथे राजकारण येते. ब्रिटिश गुप्त कारवाई विभागाने १९४४ मध्ये हिटलरच्या हत्येची 'फॉक्सली' नावाची योजना तपशिलात तयार केली, तीही बर्गहोफसाठी. आणि त्याच विभागाच्या जर्मन शाखेचा प्रमुख थॉर्नली तिच्या विरोधात होता. हिटलरच्या लष्करी चुका मित्रराष्ट्रांच्या पथ्यावर पडत आहेत, तो मेला तर अधिक शहाणा सेनापती येईल आणि जर्मन जनतेला एक हुतात्मा मिळेल, असा हा विचार होता. ब्रिटिश सेनाप्रमुखांचे मतही त्या उन्हाळ्यात याच अंगाने जात होते. हा विचार थंड डोक्याचा आहे. त्यानंतरच्या महिन्यांत छावण्यांत आणि आघाड्यांवर जे मेले त्यांची संख्या समोर ठेवली की तो पचत नाही. तथापि केवळ याच विचारामुळे वोल्फ्सशान्त्से वाचले असे मी म्हणणार नाही. २५ एप्रिल १९४५ रोजी, हिटलर बर्लिनमध्ये असताना, ३५९ लँकेस्टर विमानांनी बर्गहोफच्या परिसरावर बॉम्ब टाकलेच. तोपर्यंत पल्ला सोपा झाला होता आणि हुतात्म्याची भीती उरली नव्हती.

माझे उत्तर एवढ्यापर्यंत आले : ज्यांना आधी पोहोचता येत होते त्यांना नेमके ठिकाण आणि वेळ ठाऊक नव्हती, ज्यांना ठिकाण कळले त्यांचा बातमीवर किंवा उपयोगावर विश्वास नव्हता, आणि १९४४ च्या शेवटी ज्या दिवसांत तिन्ही गोष्टी जुळल्या असत्या त्या दिवसांत लाल सैन्यच पूर्व प्रशियाच्या दारात येऊन उभे राहिले. जाळ्यांचा वाटा मी मोजून चौथा ठरवला होता.

मात्र दुपारी मामेर्कीच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढलो आणि हे मोजमाप थोडे हलले. मनोरा तीस मीटरहून उंच आहे. वरून मामरी तळे, त्यावरच्या शिडाच्या होड्या आणि क्षितिजापर्यंत हिरवळ दिसते. सकाळपासून तीन तास आम्ही ज्या बंकरांतून फिरलो ते खाली दोनतीनशे मीटरच्या आतच होते. मी आधी डोळ्यांनी आणि मग निनादच्या दुर्बिणीने शोधले. वाहनतळ दिसला, आइस्क्रीमची टपरी दिसली, आमची पांढरी मोटार दिसली. बंकर एकही दिसला नाही. गेल्या ऐंशी वर्षांत झाडे वाढली आहेत हे खरे, पण मी उजेडात, स्थिर उभा राहून, कोठे पाहायचे ते ठाऊक असताना पाहत होतो. बाईंचा मुद्दा मी चौथ्यावरून दुसऱ्यावर आणला.

दिवस पाचवा : श्टिनॉर्ट आणि परत

परतीच्या वाटेवर श्टिनॉर्टचा वाडा लागतो. दोन तळ्यांमधील भूशिरावर लेन्डॉर्फ नावाच्या जुन्या सरदार घराण्याचे हे ठाणे होते. वाड्याकडे नेणारी ओक वृक्षांची रांग अजून आहे. वोल्फ्सशान्त्सेच्या भोवती प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचे बिऱ्हाड हवे होते : हिमलरची गाडी आणि बंकर एका गावात, हिटलरच्या सरकारी सचिवालयाचा प्रमुख लामर्स याचे कार्यालय दुसऱ्या गावात, आणि परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने या वाड्याचा एक भाग ताब्यात घेतला. उरलेल्या भागात मालक, हाइनरिख फॉन लेन्डॉर्फ, कुटुंबासह राहत होता, आणि तो श्टाउफेनबेर्गच्या कटात सामील होता. मंत्र्याच्या भिंतीपलीकडे कटवाला! २० जुलैनंतर त्याला अटक झाली आणि ४ सप्टेंबर १९४४ रोजी, क्योनिग्सबेर्ग जळाल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, बर्लिनला त्याला फाशी देण्यात आले.

वाड्याची डागडुजी चालू असल्याने आत जाता आले नाही. परांच्यांमधून दिसणाऱ्या खिडक्यांपैकी मंत्र्याच्या कोणत्या आणि लेन्डॉर्फच्या कोणत्या, हे मी तेथील एका गवंड्याला निनादकरवी विचारले. त्याने हातातील थापी उजवीकडे केली, मग जरा थांबून डावीकडे केली, आणि हसून पुन्हा कामाला लागला. आम्ही ओकच्या रांगेतून मोटारीकडे चालत निघालो. ओल्श्टिनची गाडी चार वाजता होती.